वार्धक्यातला तोल कमावता येतो

उभा असलेला माणूस स्थिर असतो ही समजूत शरीरशास्त्राच्या दृष्टीने खरी नाही. उभ्या माणसाचे शरीर घोट्यांवर सतत किंचित पुढेमागे झुलत असते. त्या प्रत्येक झोक्याची बातमी डोळे, अंतःकर्णातील तोल राखणारे अवयव आणि तळवे, सांधे व स्नायू यांतील संवेदी चेतातंतू अशा तीन वाटांनी मेंदूकडे जाते आणि तिथून पोटरी, मांडी व कमरेच्या स्नायूंना क्षणोक्षणी आज्ञा सुटत असतात. चालणे याहून अवघड असते, कारण चालताना शरीराचा भार दर पावलाला आधाराच्या बाहेर झुकतो आणि पुढचे पाऊल वेळेवर व योग्य जागी पडले तरच तो पुन्हा सावरला जातो. वय वाढते तशी या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडी थोडी सैल होते: नजर अंधुक होते, तळव्यांची संवेदना बोथट होते, अंतःकर्णातील संवेदी पेशी कमी होतात आणि स्नायूही झिजतात. स्नायूंच्या या झिजेला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. तिच्यात आधी आणि अधिक नुकसान होते ते जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे, आणि उंबरठ्याला ठेच लागल्यावर दुसरा पाय झटकन पुढे टाकण्यासाठी नेमके तेच तंतू हवे असतात. म्हणूनच अडखळणे तरुणपणी जितके होते तितकेच म्हातारपणी झाले, तरी पडणे मात्र वाढते.

सगळेच वृद्ध या बाबतीत सारखे नसतात. काहींची राखीव ताकद इतकी आटलेली असते की आठवडाभराचा ताप किंवा एखादे बदललेले औषध एवढ्यानेही ते अंथरुणाला खिळतात. या अवस्थेला वृद्धवैद्यक ‘फ्रेल्टी’ म्हणते आणि मराठीत तिला वार्धक्यातील क्षीणता म्हणता येईल. अमेरिकेतील वैद्यक-संशोधक लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या निदानासाठी पाच खुणा सुचवल्या: प्रयत्न न करता वर्षभरात घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंद चाल आणि एकूण हालचालीतील घट. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा आढळल्या तर ती व्यक्ती क्षीण आणि एक किंवा दोन आढळल्या तर क्षीणतेच्या उंबरठ्यावर समजावी, असा हा निकष आहे. पाचही खुणा स्नायूंशी आणि त्यांच्या वापराशी जोडलेल्या आहेत, ही बाब उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण वय मागे नेता येत नसले तरी स्नायूंचा वापर वाढवता येतो.

आपल्या घरांत मात्र नेमके उलटे घडते. आजी एकदा पडल्या की त्यांना पाणीही जागेवर आणून दिले जाते, न्हाणीघरापर्यंत हात धरून नेले जाते, उठण्याची हालचाल दिसली की ‘बसा तुम्ही, मी आणते’ असे म्हटले जाते आणि ही सारी सेवा मनापासूनच्या मायेने होते. पण न वापरलेला स्नायू फार लवकर आटतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठ स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायुभार घटल्याचे आढळले. आधीच क्षीण असलेल्या माणसाला एवढी घट भरून काढणे किती कठीण जात असेल, याची कल्पना यावरून येते. पडण्याची भीती, भीतीमुळे घटलेली हालचाल, त्यातून आलेला अशक्तपणा आणि अशक्तपणामुळे पुन्हा पडणे हे चक्र एकदा सुरू झाले की विश्रांती हा त्यावरचा उपाय राहत नाही; विश्रांतीनेच ते चक्र फिरत राहते.

अतिवृद्धांचे स्नायू व्यायामाला प्रतिसाद देत नाहीत, असे वैद्यकातही बराच काळ गृहीत धरले जात होते. त्याला मोठा धक्का बसला तो १९९० साली, जेव्हा बॉस्टनमधील मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा क्षीण व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचे जोरकस व्यायाम दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. व्यायाम पुरा करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. ताकदीतली वाढ स्नायूंच्या वाढीहून इतकी मोठी होती, याचा अर्थ असा की सुधारणेचा मोठा भाग मेंदू आणि चेतासंस्थेने स्नायूंना अधिक चांगले कामाला लावल्यामुळे झाला होता. याच गटाने १९९४ साली शंभर क्षीण वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला, त्यात व्यायामाने ताकद, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची क्षमता वाढली; नुसत्या पूरक आहाराने मात्र स्नायूंच्या दुर्बलतेत फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबांनी हा निष्कर्ष नीट लक्षात घ्यावा.

शुश्रूषागृहातील यंत्रांवर जे साधले ते सामान्य घरात, यंत्राविना साधेल का, या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर न्यूझीलंडमधून आले. ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूनेडिन शहरातील ऐंशी वर्षांच्या व त्यापुढच्या २३३ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा गेली, तिने प्रत्येकीची ताकद पाहून व्यायाम बेतून दिले आणि पुढे फोनवरून चौकशी चालू राहिली. उरलेल्या स्त्रियांकडेही भेटी तितक्याच झाल्या, पण त्या केवळ बोलण्याबसण्याच्या होत्या. वर्षाअखेरीस व्यायाम न दिलेल्या गटात पडण्याच्या १५२ घटना नोंदल्या गेल्या, तर व्यायामाच्या गटात ८८. पुढे याच पद्धतीच्या चार चाचण्यांतील सुमारे एक हजार व्यक्तींची आकडेवारी एकत्र केली असता पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

या ओटागो पद्धतीत गूढ असे काहीच नाही, आणि तेच तिचे मोठेपण आहे. घोट्याला वजनाची पट्टी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करणे, उभे राहून पाय मागे दुमडणे आणि बाजूला उचलणे हे ताकदीचे व्यायाम. गुडघे किंचित वाकवून पुन्हा उभे राहणे, चवड्यांवर आणि टाचांवर चालणे, आडवे व उलटे चालणे, एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे हे तोलाचे व्यायाम. आणि याखेरीज आठवड्यातून किमान दोनदा फेरफटका. व्यायाम आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा तास करायचे असतात. आधारासाठी स्वयंपाकघरातला ओटा वापरायचा, कारण तो हलत नाही आणि योग्य उंचीवर असतो; महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरी घरांत ही सोय आधीपासूनच आहे.

या साऱ्यात कळीचा मुद्दा एकच, आणि नेमका तोच बहुतेक वेळा निसटतो: तोल सुधारायचा तर तो व्यायामात थोडा डळमळला पाहिजे. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून पाय हलवले तर स्नायूंना काम मिळते, पण मेंदूला तोल सावरण्याचा सराव मिळत नाही. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट आधी दोन हातांचा आधार देते, मग एका हाताचा, मग नुसत्या बोटांचा आणि शेवटी ओटा केवळ जवळ ठेवून हात सोडायला लावते. पावले आधी शेजारी शेजारी, मग अर्धी पुढेमागे, मग एकामागे एक अशी ठेवायला सांगते. आणि हे जमले की चालता चालता वळायला, मान फिरवायला, बोलायला लावते. बोलण्याचा सराव किरकोळ समजू नये. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की चालताना कोणी बोलू लागले की जे वृद्ध थांबतात, त्यांच्यात पुढे पडण्याचे प्रमाण जास्त असते, कारण त्यांचे सारे अवधान पावलांवरच खर्च होत असते.

म्हणूनच ‘आमचे बाबा रोज बागेत चालतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला’ हे म्हणणे अपुरे ठरते. घरी राहणाऱ्या वृद्धांवरील शंभराहून अधिक चाचण्यांचा २०१९ सालचा कॉक्रेन आढावा सांगतो की व्यायामाने पडण्याचे प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी घटते, तोलाच्या व उठण्या-बसण्यासारख्या हालचालींच्या व्यायामांना ताकदीच्या व्यायामांची जोड दिली तर सुमारे ३४ टक्क्यांनी. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असा भरवशाचा पुरावा मात्र मिळत नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत तर आधी हाताचे हाड मोडलेल्या स्त्रियांना झपाझप चालायला लावल्यावर त्यांचे पडणे उलट वाढले. चालणे हृदयाला, मनाला आणि रक्तातील साखरेला हितकारक आहे आणि ते सोडू नये. पण ज्याचा तोल गेलेला आहे त्याने आधी तोल व ताकद कमवावी आणि मग अंतर वाढवावे, हा क्रम योग्य.

फायद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळात चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात ३५.५ टक्के होते. हा फरक चमत्कारासारखा नाही; पण जो माणूस स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत जाऊ शकतो त्याच्या दृष्टीने तो अमूल्य आहे. शिवाय कमावलेले टिकवावे लागते: बॉस्टनच्या पहिल्या प्रयोगात व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घटली होती.

सुरुवात मात्र वैद्यकीय तपासणीनेच व्हावी. उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येणे, छातीत दुखणे, नुकतेच मोडलेले हाड यांकडे आधी पाहावे लागते, आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तोल जात असेल तर व्यायामाआधी औषधे बदलावी लागतात. आहाराचाही विचार आवश्यक आहे, कारण दुधात कुस्करलेली पोळी आणि पातळ वरणभात एवढ्यावर राहणाऱ्या वृद्धाला स्नायू बांधण्याइतकी प्रथिने मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास डाळी, उसळी, दही, पनीर, अंडी किंवा मासे यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावे.

घरात ज्येष्ठ व्यक्ती असेल तर एक साधी चाचणी याच आठवड्यात करून पाहावी. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत त्यांना बसवून, दोन्ही हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायला व बसायला सांगावे आणि कोणीतरी शेजारी उभे राहून वेळ मोजावी. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पायांची ताकद घटली आहे असे समजावे आणि डॉक्टरांकडे गेल्यावर कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर फिजिओथेरपिस्टचे नावही मागून घ्यावे.