बोट लागणे आणि पाळीची तारीख

'गाडी लागणे' आणि 'बोट लागणे' हे आपले दोन वाक्प्रचार वैद्यकीय कोशातील कोणत्याही संज्ञेहून अधिक बोलके आहेत. मळमळीसाठी आपण डॉक्टर मंडळी जो 'नॉशिया' शब्द वापरतो, तोही मूळचा ग्रीक भाषेतील जहाजवाचक 'नाउस' या शब्दावरून आलेला. आपली 'नौका' त्याच कुळातली. हिंडलगेकरांना हे नाते वेंगुर्ला रस्त्याने शिकवले. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल आणि माणसे याच रस्त्याने वेंगुर्ले बंदराला उतरत आणि पुढे समुद्रमार्गे मुंबईला जात. घाटात गाडी लागायची, पाण्यावर बोट लागायची. आजही आंबोली किंवा चोर्ला घाट उतरताना लिंबू हुंगत, डोळे मिटून बसलेली एक तरी भगिनी गाडीत असतेच.

अलीकडे यात नवी भर पडली आहे ती हौसेच्या जलसफरींची. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' जहाज सुरू झाले. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागल्या. आपल्या भागातील मध्यमवर्गीय कुटुंबेही लग्नाच्या वाढदिवसाला, सुट्टीला अशा सहली आखू लागली. मग दवाखान्यात दोन मागण्या एकदम येतात : उलटी होऊ नये म्हणून गोळी द्या, आणि पाळी पुढे ढकलायची गोळी द्या. दोन्ही मागण्या किरकोळ समजल्या जातात. मीही तसेच समजत होतो. ज्या प्रसंगाने माझी ही समजूत बदलली, तो रुग्णाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने येथे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात जहाजाने फिरायला जातोय. मिसेसची तारीख नेमकी मधेच येते. काही गोळी असेल तर सांगा, मेडिकलमधून घेतो." माझ्यासमोर पंधरा पेशंट बसले होते. मी नॉरएथिस्टेरॉनचे नाव आणि मात्रा सांगितली, वर उलटीसाठी अ‍ॅव्होमिन सांगितली आणि फोन ठेवला. ज्या बाईच्या पोटात त्या गोळ्या जाणार होत्या, तिच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो.

प्रथम बोट लागण्याविषयी. आपल्या आतील कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असे संतुलनाचे यंत्र आहे. शरीर कोणत्या दिशेने हलते हे ते मेंदूला कळवत असते. जहाजाच्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की भिंती स्थिर आहेत. कान सांगतो की सगळे खालीवर होत आहे. या दोन साक्षींचा मेळ बसेना की मेंदू गोंधळतो, घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते. साधारण पाच सेकंदांना एक असा संथ झोका सर्वांत वाईट. ज्यांच्या दोन्ही कानांतील हे यंत्र पूर्ण निकामी झालेले असते, त्यांना बोट लागतच नाही. अमेरिकेत अंतराळप्रवासाची तयारी चालू असताना गॅलॉडेट महाविद्यालयातील अकरा बधिर व्यक्तींवर याच कारणासाठी प्रयोग झाले होते. आणि बोट लागणे हे नाजूकपणाचे लक्षण नव्हे. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजावरून जगप्रदक्षिणा करणारा चार्ल्स डार्विन त्या प्रवासात बोट लागण्याने सतत बेजार होता.

स्त्रियांना हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक होतो आणि पाळीच्या दिवसांच्या आसपास तो थोडा वाढतो, असे अभ्यासांत आढळले आहे. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना आणखी जास्त. त्यामुळे 'पाळीत मला गाडी जास्त लागते' असे एखादी स्त्री सांगते, तेव्हा तिला मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये.

उपाय साधे आहेत. जहाजात खालच्या मजल्यावरची, मध्यभागाची खोली घ्यावी. तेथे हेलकावा कमी. त्रास सुरू होताच उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे. रिकाम्या पोटीही राहू नये आणि बुफेच्या टेबलावर तुटूनही पडू नये. आल्याचा तुकडा किंवा सुंठ चघळण्याने काहींना आराम पडतो, आणि त्याला संशोधनाचा थोडाफार आधारही आहे. अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथॅझिन. ही गोळी निघण्यापूर्वी तास-दोन तास आधी किंवा आदल्या रात्री घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन विशेष उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये, मद्याबरोबर कोणीच घेऊ नये आणि दोन वर्षांखालील बाळाला तर कधीही देऊ नये. डॉक्टर मित्रांसाठी एक गोष्ट : आपण उठल्याबसल्या लिहितो ते ऑनडान्सेट्रॉन केमोथेरपीच्या उलटीवर गुणकारी असले तरी गाडी-बोट लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता पाळीच्या गोळीकडे वळू. येथे मला अधिक लिहायचे आहे, कारण आपल्या भागात ही गोळी जहाजाच्या कितीतरी आधीपासून रुळलेली आहे. सौंदत्तीची यात्रा, पंढरीची वारी, घरचे लग्न, वास्तुशांत, गौरी-गणपती. प्रत्येक वेळी 'बाहेर बसायला' नको म्हणून औषध दुकानातून पाकीट आणले जाते. जाऊबाई घेते म्हणून धाकटी घेते, आणि सासूबाई नातसुनेसाठीही मागून नेतात. डॉक्टर या साखळीत असलाच तर फोनपुरता.

या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे संप्रेरक असते. पाळी येण्यापूर्वी शरीरातील प्रोजेस्टेरॉन उतरते आणि गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्तस्राव होतो. गोळीने ते संप्रेरक बाहेरून पुरवत राहिले की अस्तर टिकून राहते. नेहमीची पद्धत अशी की अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घ्यायची. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करून सुरू केली तर ती फसण्याचा संभव मोठा. शिवाय या पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे, हे अनेक जोडप्यांना ठाऊक नसते.

सामान्य निरोगी स्त्रीला थोडे दिवस ही गोळी घेतल्याने बहुधा काही होत नाही. पोट फुगणे, स्तनांत ठणका, मळमळ इतकेच. परंतु शरीरात या औषधाचा काही अंश एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले, तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेल्या संतती-नियमनाच्या गोळीइतके भरते. म्हणजे जिला अशी गोळी आपण कधीच लिहून दिली नसती, तिला ती आपण वेगळ्या नावाने देत असतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली स्त्री, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणारी स्त्री, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, आणि अर्थातच गर्भधारणेची शक्यता. यांना ही गोळी देऊ नये. वजन जास्त असेल, धूम्रपान असेल, आई-बहिणीला गुठळीचा इतिहास असेल तर दोनदा विचार करावा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे असे रूपांतर होत नाही, म्हणून काही तज्ज्ञ ते पसंत करतात. पण तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून घ्यायचा आहे. जी आधीच माला-डीसारखी गोळी घेते आहे तिला वेगळे औषध लागतच नाही. पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या वगळून पुढचे पाकीट लगेच सुरू केले की काम भागते.

आणि येथेच बोट आणि पाळी एकमेकांत गुंततात. पाळीची गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी अंगी लागली असे धरू नये, दुसरी घ्यावी. गोळीने मळमळ होते आणि समुद्रानेही होते. कोणाची कोणती हे सांगणे कठीण. पाळी चुकली आणि मळमळ सुटेना, तर ती 'बोट अजून उतरली नाही' म्हणून नव्हे, दिवस गेल्यामुळेही असू शकते. याहून गंभीर कारण मला त्या डिसेंबरात भेटले.

ती मंडळी चार रात्रींची सफर करून मुंबईहून रातोरात घरी परतली. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाई दवाखान्यात आल्या. डोके दुखत होते, उलट्या होत होत्या. जहाजावर दोन दिवस अन्न पोटात राहिले नव्हते, पाणीही बेताचेच. यजमान हसून म्हणाले, "हिला अजून बोट लागलेलीच आहे." मीही हसलो. ऑनडान्सेट्रॉनची गोळी, एक वेदनाशामक, 'दोन दिवसांत बरे वाटेल'. जमिनीवर पाय टेकल्यावर बोट लागणे सहसा काही तासांत, फार तर दिवसभरात शमते. नंतर उरलाच तर नुसता डुलल्याचा भास. वाढत जाणारी डोकेदुखी उरत नाही. हे मी पुस्तकात वाचले होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना आकडी आली. बेळगावात एमआर व्हेनोग्राम झाला. मेंदूतील रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होती. अतिदक्षता विभागाबाहेर त्यांच्या आई बसल्या होत्या, निपाणीहून आलेल्या. मी गुठळी म्हणताच त्या म्हणाल्या, "दुसऱ्या बाळंतपणाला पण पायात रक्ताची गाठ झालती की ओ डॉक्टर. सहा महिने गोळ्या चालू होत्या. आमाला कुणी विचारलंच नाही." बाळंतपण माहेरी झालेले, कागदपत्रे माहेरी, आणि सासरचा डॉक्टर मी. एका प्रश्नाचे उत्तर त्या स्वतःही देऊ शकल्या असत्या, पण तो प्रश्न मी त्यांच्या यजमानांनाही विचारला नव्हता.

हेपॅरिन सुरू झाले. काही आठवडे नजर अंधुक होती, मग निवळली. आकडीची औषधे वर्षभर घ्यावी लागली. आज त्या पूर्ण बऱ्या आहेत. हा प्रकार दुर्मिळ आहे आणि असंख्य स्त्रिया या गोळ्या घेऊन सुखरूप असतात, हे पुन्हा सांगतो. घाबरवण्याचा हेतू नाही. पण पाळीची गोळी चालू असताना किंवा नुकती थांबवल्यावर डोकेदुखी वाढत जात असेल, आडवे झाल्यावर अधिक होत असेल, नजर अंधुक होत असेल, हातापायात कमजोरी किंवा एका पोटरीला सूज-वेदना असेल, दम लागत असेल, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि आपण डॉक्टरांनी ऑफ्थॅल्मोस्कोप कपाटातून काढून डोळ्याचा पडदा पाहावा. मी त्या दिवशी पाहिला असता तर कदाचित सूज दिसली असती.

तेव्हापासून ही गोळी मी फोनवर सांगत नाही आणि मध्यस्थाला देत नाही, मग तो नवरा असो, सासू असो की सहलीचा आयोजक. प्रवासाच्या महिनाभर आधी त्या स्त्रीने स्वतः यावे, असे सांगतो. पाच मिनिटे पुरतात. मागची गुठळी, अर्धशिशी, बाळंतपणे कोठे झाली, शेवटची पाळी कधी, रक्तदाब किती. गरज वाटल्यास लघवीची गर्भचाचणी. गाडी लागते का, हेही त्याच वेळी विचारतो. काही वेळा या बोलण्यात निराळेच निघते. एक मुलगी म्हणाली, तिला पाळी आली तरी काही अडत नाही. देवळात न जाता ती बाहेरच्या कट्ट्यावर आनंदाने बसेल. गोळीचा आग्रह आत्याबाईंचा आहे. दुसरीला खरी भीती पोहण्याच्या तलावाची होती; तिला मेन्स्ट्रुअल कप दाखवल्यावर गोळीचा विषय संपला. आणि जिला सगळे समजून घेऊन गोळीच हवी असते आणि जिच्या तब्येतीला ती चालते, तिला मी ती निःसंकोच देतो. सुट्टी तिची आहे.

काही सहकारी म्हणतील की औषध दुकानात सहज मिळणारी गोळी अडवून काय साधणार. खरे आहे, ती मिळतेच. म्हणून हिंडलग्यातील माझ्या परिचयाच्या औषध विक्रेत्यांना मी एवढीच विनंती केली आहे की पाकीट देण्यापूर्वी 'पूर्वी कधी पायात गाठ, अर्धशिशी?' इतके विचारावे. दोघांनी ते मनावर घेतले आहे. त्यांच्याकडून गेल्या पावसाळ्यात तीन स्त्रिया माझ्याकडे आल्या. दोघींना गोळी दिली, एकीला नाही.

त्या बाई यंदा मे महिन्यात कुटुंबासह मालवणला गेल्या. जाण्यापूर्वी यजमानांना बाहेर बाकावर बसवून एकट्याच आत आल्या. तारीख सहलीतच येत होती. आंबोली घाटासाठी अ‍ॅव्होमिनच्या दोन गोळ्या तेवढ्या त्यांनी माझ्याकडून नेल्या.