रागीट त्रिकोण

अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर व मारियाने सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना जो छोटासा मूकपट दाखविण्यात आला, त्यात मनुष्य नव्हता, पशू नव्हता, चेहरा म्हणून नव्हता. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडमीट होणारे दार असलेला एक आयत, एवढाच त्याचा सरंजाम. पहिल्या तुकडीतील ३४ जणींना जे घडले ते लिहून काढण्याचा हुकूम होता. परंतु निव्वळ भूमितीच्या परिभाषेत कैफियत लिहिणारी त्यांत एकच निघाली. इतरांपैकी बहुतेकींच्या लेखी मोठा त्रिकोण दांडगट होता, वर्तुळ भयभीत होते, आणि कित्येकींनी तर सबंध प्रेमकथाच रचून दिली.

निर्जीव वस्तू ढकलल्यावाचून हलत नाही. म्हणून जी आकृती आपण होऊन निघते, वाटेत वेग बदलते, अडथळ्याला भिडण्यापूर्वीच वळते आणि दुसरीच्या हालचालीला आपल्या हालचालीने उत्तर देते, तिच्या ठायी इच्छा आहे असे आपले मन, विचाराला अवसर न देता, गृहीत धरते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूतील अमिग्डाला हे केंद्र दोन्ही बाजूंना निकामी झालेल्या एका स्त्रीने, दृष्टी शाबूत असूनही, याच पटाचे वर्णन केवळ आकृत्यांच्या सरकण्याचे म्हणून केले.

ॲनिमेशनचा कलावंत हालचालीत इच्छा पाहण्याच्या मनाच्या नेमक्या याच शक्तीच्या भरवशावर संवादावाचून कथा सांगतो. सेकंदाला २४ चित्रे. लागोपाठच्या चित्रांतील अंतर वाढविले की घाई, कमी केले की संकोच, उडीपूर्वी अंग आखडले की निश्चय, आणि वळण्यापूर्वी काही चित्रे स्तब्ध ठेवली की विचार. १९८६ साली जॉन लॅसिटर यांनी 'लक्सो ज्युनिअर' या ॲनिमेशनपटात टेबलावरचे दोन दिवे असे हलविले, तेव्हा जिम ब्लिन हे संगणक-चित्रणातील मातब्बर त्यांना भेटले; ते छायेच्या गणिताविषयी विचारतील अशी लॅसिटर यांची अपेक्षा, पण त्यांनी विचारले ते मोठा दिवा आई की बाप, एवढेच.

हायडर-सिमेल यांनी एका तुकडीस तोच पट उलटा फिरवून दाखविला, तेव्हाही प्रेक्षकांना माणसेच दिसली. मात्र त्यांच्या कथा परस्परांशी फारशा जुळेनात. हा दाखला मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जीव कोणत्याही गतीत दिसू शकतो, पण सर्वांना एकच कथा दिसावी यासाठी गतीचा क्रम बांधावा लागतो, आणि ही बांधणी संवादलेखनाहून तिळभरही हलकी नाही. गीतांजली राव यांच्या २००६च्या 'प्रिंटेड रेनबो' या संवादावाचूनच्या ॲनिमेशनपटात एक एकाकी वृद्धा आपल्या मांजरीसह काड्यापेटीवरील चित्रांच्या रंगीत जगात शिरते. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो लघुपट दाखविला गेला, तेव्हा तिचे दुःख फ्रेंच प्रेक्षकांस कळावे म्हणून पडद्याच्या तळाशी भाषांतराची एकही ओळ लागली नसेल.