रिले तोच, मग डीसीसाठी मर्यादा वेगळी का?

प्रकल्पासाठी आणलेला छोटा निळा रिले हातात घ्या आणि त्याच्या पाठीवर काय छापले आहे ते वाचा. बहुतेक वेळा दोन आकडे दिसतील: १० अँपिअर २५० व्होल्ट एसी आणि १० अँपिअर ३० व्होल्ट डीसी. आतले कॉन्टॅक्ट तेच, प्रवाहही तोच १० अँपिअर. मग व्होल्टेज २५० वरून एकदम ३० वर का आले?

रिलेची रचना तुम्हाला माहीत असेलच. कॉइलमधून प्रवाह गेला की ती विद्युतचुंबक बनते, आर्मेचरची पट्टी ओढते आणि कॉमन टर्मिनल एनसी सोडून एनओला जोडले जाते. कॉइलचे परिपथ आणि लोडचे परिपथ एकमेकांपासून विलग राहतात, हाच रिलेचा मोठा फायदा. पण रिलेची खरी कसोटी जोडताना नव्हे, तोडताना लागते.

वाहत्या प्रवाहात दोन कॉन्टॅक्ट दूर होऊ लागले की शेवटी एखाद्या सूक्ष्म बिंदूवरच स्पर्श उरतो. तिथला धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून व आयनीभूत हवेतून प्रवाह चालूच राहतो. हा आर्क. चांदीच्या कॉन्टॅक्टसाठी ढोबळमानाने १२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर यांच्याखाली तो टिकत नाही. त्याच्यावर मात्र तो टिकू शकतो, आणि कॉन्टॅक्ट उघडलेले दिसत असूनही लोड चालूच असतो.

एसीमध्ये इथे निसर्गच मदतीला येतो. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा आहे, म्हणजे प्रवाह दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येतो. त्या क्षणी आर्कची ऊर्जा संपते आणि वायू थंड होतो. व्होल्टेज पुन्हा वाढेपर्यंत फट रुंदावलेली असते, त्यामुळे आर्क सहसा पुन्हा पेटत नाही. डीसीमध्ये असा शून्य कधीच येत नाही. आर्क विझण्याचा एकच मार्ग उरतो: फट इतकी वाढली पाहिजे की आर्क टिकवायला लागणारे व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा जास्त व्हावे. लहान रिलेमधली फट मिलिमीटरच्या काही अंशाची असते. २४ व्होल्टचा पुरवठा तेवढ्या फटीत हरतो. १२० व्होल्टचा हरत नाही.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ३० गुणिले १० म्हणजे ३०० वॅट. तेव्हा १२० व्होल्टला २.५ अँपिअर चालतील, असा हिशोब मांडतात. ही मर्यादा वॅटची नाहीच. डेटाशीटमध्ये डीसी व्होल्टेज आणि प्रवाह यांचा आलेख असतो आणि तो फार वेगाने खाली येतो. या आकाराच्या रिलेंमध्ये १०० व्होल्टच्या पुढे अर्ध्या अँपिअरच्या आसपासच परवानगी उरते. ई-रिक्षातल्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसरीत जोडल्या की ४८ व्होल्ट होतात. छतावरचे सौर पॅनेल एकसरीत जोडले की त्याहून कितीतरी जास्त. अशा ठिकाणी डीसीसाठीच बनवलेला कॉन्टॅक्टर वापरा, ज्यात चुंबकाने आर्क ताणून विझवला जातो, किंवा कमी व्होल्टेजला मॉसफेट वापरा.

ट्रायकवर चालणारा सॉलिड स्टेट रिले आर्क करत नाही, म्हणून तो डीसीला लावावासा वाटतो. पण ट्रायक बंद होतो तोही प्रवाह शून्यावर आल्यावरच. डीसीवर तो एकदा चालू झाला की गेटचा संकेत काढला तरी बंद होत नाही.

मोटर, सोलेनॉइड, कॉन्टॅक्टरची कॉइल हे लोड आणखी त्रास देतात, कारण प्रेरकात साठलेली ऊर्जा तोडताना आर्कमध्येच ओतली जाते. डीसी लोडवर उलटा डायोड जोडला की ती ऊर्जा तिथेच फिरून संपते. एसी लोडवर तोच डायोड जोडाल तर एका अर्ध्या चक्रात सरळ शॉर्ट सर्किट होईल. तिथे आर-सी स्नबर लावतात. कॉन्टॅक्टला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड हे नेहमीचे मूल्य, कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच. मात्र या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतच राहतात. बंद केलेला एलईडी दिवा मंद तेवत राहिला तर रिलेला दोष देण्यापूर्वी हे आठवा. आणि याच कारणाने, बंद रिलेच्या पुढची तार मृत आहे असे कधीही धरू नका.

कॉइलच्या बाजूचा डायोडही कॉन्टॅक्टवर परिणाम करतो, ही गोष्ट नोट्समध्ये क्वचितच येते. ५ व्होल्टच्या ७० ओहम कॉइलला सुमारे ७१ मिलिअँपिअर लागतात. मायक्रोकंट्रोलरची पिन ते देऊ शकत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम आणि कॉइलला समांतर १एन४००७ डायोड. डायोड ट्रान्झिस्टरला वाचवतो, पण कॉइलमधला प्रवाह हळूहळू ओसरतो, आर्मेचर सावकाश सुटते आणि आर्कला जास्त वेळ मिळतो. डायोडच्या एकसरीत योग्य मूल्याचा झेनर घातला की प्रवाह लवकर संपतो. ट्रान्झिस्टरला तेवढे वाढीव व्होल्टेज सहन झाले पाहिजे, एवढे पाहा.

जोडतानाचा धोका वेगळा आहे. एलईडी ड्रायव्हरमधला रिकामा कपॅसिटर क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो, मोटर सुरू होताना नेहमीच्या कैकपट. त्याच वेळी कॉन्टॅक्ट आदळून उसळत असतात. वितळलेला धातू थिजला की ते एकमेकांना चिकटतात. कधी कॉइलचा टक् आवाज येतो, लेड विझतो, प्रोग्रॅम सांगतो की गीझर बंद आहे, आणि पाणी तापतच राहते. म्हणून गीझरचा स्वतःचा थर्मल कटआउट काढून त्याचे काम रिलेवर सोपवू नका. संशय आला तर एमसीबी पाडा, पुरवठा नाही याची टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा, लोडची तार सोडवा आणि कॉमन व एनओ यांच्यात कंटिन्युइटी तपासा. कॉइलला पुरवठा नसताना मीटर वाजला, तर तो रिले बदलायचा. ठोकून सुटलेला कॉन्टॅक्ट पुन्हा चिकटतो.