सालींचं शिवणकाम

संत्रं सोललं की साल कचऱ्यात जाते. अमेरिकी कलावंत झोई लिओनार्ड यांनी ती सुईदोऱ्यानं पुन्हा शिवली. त्यांचे मित्र, चित्रकार डेव्हिड वोजनारोविच १९९२ मध्ये एड्सनं गेले. त्यांनीही पूर्वी पावाचे दोन तुकडे लाल दोऱ्यानं जोडले होते. मित्राच्या शोकातलं लिओनार्ड यांचं हे शिवणकाम १९९७ पर्यंत चाललं. संत्रं, केळं, लिंबू, ग्रेपफ्रूट आणि अवोकाडो यांची आतून पोकळ अशी सुमारे ३०० फळं तयार झाली. कुठे टाके, कुठे बटणं, कुठे चक्क झिप. नाव ‘स्ट्रेंज फ्रूट’.

शिवलं तरी कुजणं थांबत नाही. संत्र्यावर हिरवी बुरशी धरते ती ‘पेनिसिलियम डिजिटॅटम’. सालीवरच्या जखमेतून ती आत शिरते आणि पेशींना सांधून ठेवणारं पेक्टिन विकरांनी फोडते, म्हणून फळ पिचपिचीत होतं. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे तिला उघडं दारच!

मग या साली टिकल्या कशा? उटण्यासाठी संत्र्याच्या साली वाळवणाऱ्या कुणालाही उत्तर ठाऊक आहे. बुरशीला ओल लागते. पातळ साल भराभर सुकली की बुरशी तहानलेली राहते. केळ्याची साल मात्र सुकतानाच काळवंडते. पेशी फुटल्या की पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तपकिरी रंगद्रव्य बनवतं. पुढचा ऱ्हास सावकाश होतो. रंग उडतो, साल आक्रसते, ठिसूळ होते.

संवर्धक ख्रिश्चन शायडमान यांनी लिओनार्ड यांच्यासोबत यावर तोड काढली. साली झटकन गोठवायच्या आणि निर्वात पोकळीत ‘पॅरालॉइड बी-७२’ ही ॲक्रिलिक राळ त्यांत मुरवायची. सुमारे २५ सालींवर हे जमलंही. लिओनार्ड यांनी मात्र हा उपाय वापरायला नकार दिला आणि साली कुजू द्यायचं ठरवलं.

गंमत अशी, की या यशानंच त्यांच्या नकाराला वजन आलं. उपायच नसता, तर साली कुजणं ही केवळ नाइलाजाची गोष्ट ठरली असती.

१९९८ मध्ये ही कलाकृती फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयानं घेतली. ती मांडायची थेट जमिनीवर, विखुरलेली. वस्तू जपण्यासाठीच नेमलेल्या संवर्धकांना इथे रसायनं बाजूला ठेवून ऱ्हास बघत बसावं लागतं. झिप आणि बटणं बहुधा सालींपेक्षा जास्त टिकतील. पण कोणत्या टप्प्याला ‘कलाकृती संपली’ म्हणायचं, हा निर्णय प्रयोगशाळेतला नाही.