बंदिस्त लागवडीतील पिकांवरील प्रकाशताण व अन्नद्रव्यताण : निदानाची शास्त्रीय पद्धती

सारांश

हरितगृह, शेडनेट किंवा कृत्रिम प्रकाशाची खोली यांत वाढविलेल्या पिकाची पाने पिवळी पडली, की त्याचे कारण बहुधा खतात शोधले जाते. प्रकाशाचा ताण आणि अन्नद्रव्यांचा ताण यांची लक्षणे मात्र परस्परांत गुंतलेली असतात, आणि कित्येकदा एक ताण दुसऱ्याला जन्म देतो. त्यामुळे केवळ पानाच्या रंगावरून केलेले निदान विश्वसनीय ठरत नाही. लेट्यूस, ढोबळी मिरची व जरबेरा या पिकांच्या आधारे या गुंतागुंतीची कारणमीमांसा करणे आणि निदानाचा एक क्रम सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुख्य संज्ञा : बंदिस्त लागवड, प्रकाशताण, अन्नद्रव्यताण, हरितद्रव्य, विद्युतवाहकता, सामू.

प्रस्तावना

महाराष्ट्रात तळेगाव परिसरातील फुलशेतीपासून ते शहरांतील लहान जलसंवर्धन केंद्रांपर्यंत बंदिस्त लागवडीचा विस्तार झाला आहे. अशा लागवडीत तापमान, पाणी, खत आणि काही अंशी प्रकाशही माणसाच्या नियंत्रणात असतो. नियंत्रण वाढले की जबाबदारीही वाढते. मोकळ्या शेतातील मातीला चुका काही प्रमाणात सामावून घेण्याची क्षमता असते. कोकोपीट किंवा वाहत्या द्रावणात वाढणाऱ्या मुळांना असा आधार फारसा नसतो. निदान चुकले आणि नको असलेले खत दिले, तर क्षार साचतात, मुळे दुखावतात आणि मूळ विकारात नव्या विकाराची भर पडते. म्हणूनच निदानाचा प्रश्न उत्पादकाच्या दृष्टीने आर्थिक, तर अध्यापकाच्या दृष्टीने शास्त्रीय पद्धतीचा प्रश्न ठरतो.

१. लक्षणांच्या तक्त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

पदवी स्तरावरील वनस्पतीशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अन्नद्रव्यांच्या कमतरतेच्या लक्षणांचा तक्ता परिचित असतो. त्यामागील तत्त्व निःसंशय बळकट आहे. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वनस्पतीच्या शरीरात सहज स्थलांतर करतात. त्यांची टंचाई भासताच झाड जुन्या पानांतील साठा नव्या पानांकडे वळविते; परिणामी लक्षणे खालच्या पानांवर प्रथम दिसतात. याउलट कॅल्शियम, बोरॉन व लोह यांचे असे स्थलांतर फारसे होत नाही. त्यांच्या अभावाची लक्षणे शेंड्याकडील कोवळ्या पानांवर उमटतात. लक्षण खाली आहे की वर, हा निदानातील पहिला प्रश्न यामुळेच ठरतो.

तथापि, हा तक्ता कोणत्या परिस्थितीत तयार झाला, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सॅक्स व नॉप यांनी जलसंवर्धनाचे प्रयोग केले. १९३९ मध्ये अरनॉन व स्टाउट यांनी आवश्यक मूलद्रव्याचे निकष मांडले. होगलंड व अरनॉन यांचे प्रसिद्ध पोषक द्रावणही त्याच काळातील. या परंपरेतील प्रयोगांत एकच मूलद्रव्य वगळले जाई आणि उर्वरित सर्व घटक, त्यात प्रकाशही आला, शक्यतो स्थिर ठेवले जात. प्रत्यक्ष हरितगृहात मात्र प्रकाश, आर्द्रता, सामू आणि क्षारांचे प्रमाण एकाच वेळी बदलत असते. तक्ता त्याच्या प्रयोगापुरता खरा आहे. प्रयोगाच्या अटी जिथे पाळल्या जात नाहीत तिथे तो केवळ शक्यता सुचवितो.

२. प्रकाशाचे मापन : डोळा आणि पान यांतील भेद

बंदिस्त जागेतील प्रकाशाचा अंदाज डोळ्याने घेणे फसवे ठरते. मानवी डोळा मंद व तीव्र प्रकाशाशी झपाट्याने जुळवून घेतो. शिवाय त्याची संवेदनशीलता सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक असते, आणि लक्समापक याच संवेदनशीलतेवर आधारलेला असतो. प्रकाशसंश्लेषणासाठी पान ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकणांचा उपयोग करते. म्हणून पिकासाठी प्रकाश मोजण्याचे एकक प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद मायक्रोमोल हे आहे. निरभ्र आकाशातील मध्यान्हीच्या सूर्यप्रकाशात हे मूल्य सुमारे २००० असते. सूर्यप्रकाशासाठी १ मायक्रोमोल म्हणजे साधारणतः ५४ लक्स असे रूपांतर चालते. तांबड्या व निळ्या एलईडी दिव्यांना मात्र ते लागू पडत नाही. वाचनालयातील टेबलावर ५०० लक्स प्रकाश आपल्याला पुरेसा वाटतो. पानाच्या हिशेबी तो १० मायक्रोमोलच्या आसपासच असतो.

याखेरीज दिवसभरात मिळालेल्या एकूण प्रकाशाचे महत्त्व वेगळे आहे. २०० मायक्रोमोल तीव्रतेचा दिवा १६ तास चालू ठेवल्यास दिवसाकाठी २०० × ३६०० × १६, म्हणजेच सुमारे ११.५ मोल प्रकाश मिळतो. लेट्यूससाठी साधारणतः १२ ते १७ मोल इष्ट मानले जातात. तोच दिवा १० तास चालविल्यास केवळ ७.२ मोल प्रकाश मिळतो आणि पीक अर्धपोटी राहते, मग द्रावण कितीही संतुलित असो.

३. अपुरा प्रकाश आणि नत्राच्या कमतरतेचा आभास

महाराष्ट्रातील हरितगृहांत जून ते सप्टेंबर या काळात ढगाळ हवामान असते. त्यातच प्लॅस्टिकच्या आच्छादनावर धूळ व शेवाळ साचलेले असल्यास आतील प्रकाश आणखी घटतो. दाट लागवडीत खालच्या पानांना मिळणारा प्रकाश इतका कमी होतो, की श्वसनात जेवढे अन्न खर्च होते तेवढेही त्या पानांकडून तयार होत नाही. अशा पानांतील नत्र झाड काढून घेते आणि प्रकाशातील वरच्या पानांना देते. खालची पाने पिवळी पडून गळतात. तक्त्याप्रमाणे हे नत्राच्या कमतरतेचे लक्षण होय. प्रत्यक्षात मुळांभोवती नत्र विपुल असू शकते.

हा भेद ओळखण्यासाठी संपूर्ण झाड पाहावे लागते. नत्राची खरी कमतरता असल्यास वरची पानेही फिकट व लहान राहतात, आणि खोड बारीक होते. प्रकाश अपुरा असल्यास वरची पाने पातळ, रुंद पण हिरवी असतात. पेऱ्यांमधील अंतर वाढते आणि झाड प्रकाशाच्या दिशेने झुकते. या स्थितीत नत्राची मात्रा वाढविणे केवळ निरुपयोगीच नव्हे, तर हानिकारकही ठरते. मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचे प्रथिनात रूपांतर करण्यासाठी लागणारी ऊर्जा व कार्बन प्रकाशसंश्लेषणातून येतात. प्रकाश कमी असला की नायट्रेट पानातच साठत जाते. युरोपीय संघाने २०११ च्या नियमात आच्छादनाखालील ताज्या लेट्यूसमधील नायट्रेटची कमाल मर्यादा ऑक्टोबर ते मार्च या काळासाठी किलोमागे ५००० मिलिग्रॅम, तर एप्रिल ते सप्टेंबरसाठी ४००० मिलिग्रॅम अशी निश्चित केली. हिवाळ्यातील मंद प्रकाशाचा हा परिणाम कायद्यालाही विचारात घ्यावा लागला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

४. अतिप्रकाश आणि मॅग्नेशियम, पालाश व जस्त यांची टंचाई

दुसऱ्या टोकाला अतिप्रकाशाचा ताण आहे. पानाला मिळालेली प्रकाशऊर्जा वापरण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक झाली, की ती उष्णतेच्या रूपाने विसर्जित करण्याची यंत्रणा प्रथम कार्यान्वित होते. तीही अपुरी पडल्यास हरितलवकातील प्रकाशप्रणाली दोनचे डी-१ हे प्रथिन दुरुस्तीच्या वेगापेक्षा अधिक वेगाने नष्ट होऊ लागते. कालांतराने हरितद्रव्यच विरंजित होते. निरोगी पान काही काळ अंधारात ठेवून त्याच्या प्रतिदीप्तीचे मापन केल्यास महत्तम कार्यक्षमतेचे मूल्य ०.८३ च्या आसपास मिळते. त्यात लक्षणीय घट होणे हे डोळ्यांना काहीही दिसण्यापूर्वीचे चिन्ह असते.

येथेच निदानातील सर्वांत सूक्ष्म अडचण उद्भवते. पानाच्या एका भागावर काळा कागद लावावा आणि तो भाग हिरवा राहिल्यास दोष प्रकाशाचा मानावा, अशी चाचणी सहज सुचते. परंतु मार्शनर व चाकमाक यांनी १९८९ मध्ये घेवड्याच्या रोपांवरील प्रयोगांतून दाखविले, की जस्त, पालाश किंवा मॅग्नेशियमची टंचाई असलेल्या पानांचा पिवळेपणा तीव्र प्रकाशात वाढतो. पानाचा झाकलेला भाग मात्र हिरवा राहतो. पालाश व मॅग्नेशियमच्या बाबतीत याचे कारण शर्करेच्या वहनात आहे. ही अन्नद्रव्ये कमी पडल्यास पानात तयार झालेली शर्करा बाहेर वाहून नेली जात नाही. ती पानातच साचते, कार्बनचे स्थिरीकरण मंदावते, आणि प्रकाशाने मुक्त केलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळून विघातक संयुगे निर्माण होतात. निरोगी पानाला सहज पेलणारा प्रकाश अशा पानाला असह्य ठरतो.

म्हणून सावलीच्या चाचणीचा अर्थ मर्यादित घ्यावयास हवा. झाकलेला भाग हिरवा राहिला, तर विकारात प्रकाशाचा सहभाग आहे एवढेच सिद्ध होते. प्रकाश जास्त आहे, हे सिद्ध होत नाही. मोजलेला प्रकाश त्या पिकाच्या नेहमीच्या मर्यादेत असेल, तर शोध अन्नद्रव्यांकडे वळवावा. मॅग्नेशियमची टंचाई असल्यास पिवळेपणा जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात दिसतो. पालाशाची असल्यास जुन्या पानांच्या कडा करपतात.

५. द्रावणात विपुल, पानात दुर्मीळ

अन्नद्रव्य दिलेले असूनही ते योग्य अवयवापर्यंत न पोहोचणे, हा तिसरा प्रकार होय. लेट्यूसच्या आतील कोवळ्या पानांची टोके करपणे, हे कॅल्शियमच्या स्थानिक अभावाचे लक्षण आहे. कॅल्शियम जलवाहिन्यांतून, बाष्पोत्सर्जनाच्या प्रवाहाबरोबर वर चढते. गड्ड्यात मिटलेल्या पानांभोवती हवा खेळत नाही, बाष्पोत्सर्जन होत नाही आणि कॅल्शियमही पोहोचत नाही. तीव्र प्रकाशात वाढीचा वेग जितका अधिक, तितकी ही तूट मोठी. येथे द्रावणात कॅल्शियम वाढविण्यापेक्षा पंख्याने हवा खेळती ठेवणे किंवा प्रकाश थोडा कमी करणे अधिक परिणामकारक ठरते. ढोबळी मिरचीच्या फळाचे टोक कुजण्यामागेही हेच तत्त्व आहे.

जरबेऱ्याच्या कोवळ्या पानांवरील पिवळेपणाची कथा निराळी आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात बायकार्बोनेट बहुधा लक्षणीय प्रमाणात असते. अशा पाण्याने माध्यमाचा सामू हळूहळू वाढतो आणि लोह अविद्राव्य होते. चिलेटचा प्रकारही पाहावा लागतो : ईडीटीए स्वरूपातील लोह सुमारे ६.५ सामूपर्यंत, डीटीपीए स्वरूपातील सुमारे ७.५ पर्यंत टिकते. त्यापुढे ईडीडीएचए स्वरूप आवश्यक ठरते. लोहाची कमतरता आणि दिव्याजवळील विरंजन, दोन्ही शेंड्यावरच दिसतात. लोहाच्या बाबतीत निदान प्रारंभी शिरा हिरव्या राहतात, आणि त्याच पाण्यावरील सर्व वाफ्यांत लक्षण आढळते. विरंजनात शिराही फिकट होतात, आणि दिव्यापासूनच्या अंतराप्रमाणे लक्षणाची तीव्रता बदलते.

६. निदानाचा प्रस्तावित क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

(१) प्रथम विकाराचा नकाशा काढावा. लक्षण कोणत्या वाफ्यांत, दिव्यापासून किती अंतरावर, कोणत्या वयाच्या पानांवर आहे, याची नोंद करावी.

(२) दहापट भिंगातून पानाची मागील बाजू तपासावी. कोळी व फुलकिडे यांच्या प्रादुर्भावामुळे होणारी विकृती अन्नद्रव्यांच्या खाती जमा होता कामा नये.

(३) पिकाच्या शेंड्याच्या पातळीवर प्रकाश मोजावा आणि त्यावरून दिवसाचा एकूण प्रकाश काढावा.

(४) मुळांजवळील व निचऱ्याच्या पाण्याचा सामू आणि विद्युतवाहकता प्रमाणित केलेल्या मापकाने पाहावी. मुळांच्या परिसरातील संपृक्त अर्काची विद्युतवाहकता लेट्यूससाठी १.३ आणि मिरचीसाठी १.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेल्यास मातीतील पिकाचे उत्पादन घटू लागते, असे मास व हॉफमन यांनी १९७७ मध्ये नोंदविले आहे. जलसंवर्धनातील द्रावणाला हेच आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत.

(५) त्यानंतरच अन्नद्रव्याविषयी गृहीतक मांडावे आणि ते थोड्या झाडांवर तपासावे. लोहाची शंका असल्यास एखाद्या पानाच्या अर्ध्या भागावर लोहाचे सौम्य द्रावण लावावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाल्यास शंकेला पुष्टी मिळते. आवश्यकतेनुसार प्रयोगशाळेत पानांचे पृथक्करण करून घ्यावे.

(६) एका वेळी एकच बदल करावा. करपलेल्या ऊती पुन्हा हिरव्या होत नाहीत. म्हणून उपायाचे यश नव्याने फुटलेल्या पानांवरून ठरवावे.

या क्रमात खताचा विचार पाचव्या पायरीवर येतो. अनेक ठिकाणी तो पहिल्या पायरीवर येतो, आणि त्याची किंमत साचलेल्या क्षारांच्या रूपाने पुढील पिकालाही मोजावी लागते.

समारोप

प्रकाश ही वनस्पतीची ऊर्जा आणि अन्नद्रव्ये ही त्या ऊर्जेच्या विनियोगाची साधने होत. ऊर्जा कमी पडली तर साधने पडून राहतात. साधने कमी पडली तर ऊर्जाच घातक ठरते. पानावरील पिवळा डाग या दोन्हींच्या असमतोलाची खूण असल्यामुळे, एकाचे मापन केल्याविना दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. प्रकाशमापन भौतिकशास्त्राच्या, सामू व विद्युतवाहकता रसायनशास्त्राच्या, आणि लक्षणांचे वाचन वनस्पतीशास्त्राच्या कक्षेत येते. महाविद्यालयाच्या आवारातील एखाद्या लहान शेडनेटमध्ये या तिन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी संयुक्त प्रात्यक्षिक केल्यास, पाठ केलेला लक्षणांचा तक्ता आणि समोरचे जिवंत झाड यांतील अंतर त्यांना स्वतः मोजून पाहता येईल.