पेठेतून भारतीय संघाकडे (भाग ५) : पुण्याची रिकामी जागा

वयोगटांचे संघ कसे निवडतात ते मागच्या भागात पाहिलं. या आठवड्यात तीच वाट एका खेळाडूबरोबर चालू. अनिकेत जाधव. गाव कोल्हापूर, जन्म जुलै २०००.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं मुळात तालमींची. शाहू स्टेडियमवर त्यांचे संघ भिडतात तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पण वयाला साजेसा बारमाही सराव आणि स्पर्धा मिळायला नुसतं पेठेचं प्रेम पुरत नाही. म्हणून अनिकेत पुण्यात आला. आधी बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी, मग पुणे एफसीची अकादमी.

२०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. वयाची अट एकच, जन्म १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा हवा. डिसेंबर १९९९ मध्ये जन्मलेला मुलगा कितीही तयारीचा असला तरी बाहेर! अनिकेत या संघात होता. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिन्ही सामन्यांत भारत हरला. पुढे याच मुलांभोवती भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन अ‍ॅरोज’ बांधला आणि आय-लीगमध्ये उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं. भारत १-० ने पुढे असताना, उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच अनिकेतला लाल कार्ड मिळालं. उरलेल्या दहा जणांनी आघाडी टिकवली. अन्वर अलीची फ्री किक थेट जाळ्यात गेली. विजयाच्या बातम्यांत ते लाल कार्ड एका ओळीत उरकलं गेलं. मला वाटतं, त्या वयात कोणत्याही शिबिरापेक्षा असा एक सामना जास्त शिकवून जातो.

दरम्यान पुण्यात काय चाललं होतं? २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१५ नंतर गुंडाळला गेला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. त्याच अकादमीतला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन स्पेनमध्ये व्हियारेआलकडे जाऊन आला, पुणे सिटीकडून इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळला आणि २०१८ मध्ये भारताच्या मुख्य संघात पोहोचला. पुढच्याच वर्षी पुणे सिटीही बंद.

क्लब बंद पडला की खेळाडू घडवल्याचं फळही हातचं जातं. फिफाचा एक नियम आहे. परदेशी क्लबने पैसे मोजून खेळाडू घेतला की त्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. क्लबच उरला नसेल तर त्याचा वाटा देशाच्या महासंघाकडे जातो. म्हणजे अकादमी चालवणाऱ्याने आधी तग धरायला हवा, फळ नंतर.

पुणे सिटी बंद पडला तोवर अनिकेत जमशेदपूर एफसीकडे होता. २०१९ मध्ये तो तीन महिने सरावासाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. तो क्लब २०१० पासून वेंकीज या पुण्याच्याच कंपनीचा! आयएसएलमधली पुण्याची जागा हैदराबादने घेतली, आणि अनिकेतही पुढे हैदराबादलाच गेला. २० मार्च २०२२ ला हैदराबादने आयएसएल जिंकली. त्याच महिन्यात बहारीनला मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी गेलेल्या भारताच्या मुख्य संघात त्याचं नाव होतं.