तेल निवडावे, पण इंधन पाहून

एका वाचकाने विचारले आहे : ‘माझ्या मोटारीत फुल सिंथेटिक तेल घालतात, सगळ्यांत उत्तम म्हणून. मुलगा विमान चालवायला शिकतोय. त्याच्या सेसनात मात्र खनिज तेल असते म्हणे. जोखीम विमानात जास्त, मग तेल कमी प्रतीचे का?’

प्रश्न फार चांगला आहे, कारण सिंथेटिक तेलाचे विमानाशी नाते मोटारीपेक्षा जुने आहे. जर्मनीत लॉयना येथील कारखान्यात हेरमान त्सोर्न हे रसायनशास्त्रज्ञ वंगणावर काम करत होते. कडाक्याच्या थंडीत खनिज तेल गोठते आणि जर्मनीकडे ते तेलही अपुरे होते. १९३८ ते १९४४ या काळात तिथे वंगण म्हणून साडेतीन हजारांहून अधिक एस्टर तपासले गेले. एस्टर आपल्या परिचयाचे आहेत. पिकल्या केळ्याचा वास एस्टरचा आणि आपले शेंगदाणा तेलही एस्टरच. त्याच कुळातल्या रेणूंनी पुढे जेट इंजिने तोलून धरली. अमेरिकेतले जेट लढाऊ वैमानिक अल्बर्ट अमाटुझिओ यांनी हे तेल जवळून पाहिले होते. त्यांच्या अ‍ॅमसॉइल कंपनीने १९७२ मध्ये मोटारींसाठी सिंथेटिक तेल आणले. आज प्रत्येक गॅरेजमध्ये ‘सिंथेटिक’ हा शब्द ऐकू येतो, त्सोर्न यांचे नाव मात्र कुठेच नाही. ते यायला हवे.

जेटने दिलेले तेल मोटारीने घेतले. मग पंख्याच्या छोट्या विमानाचे घोडे कुठे अडले? उत्तर एका फसलेल्या प्रयोगात आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मोबिलने ‘एव्ही १’ हे पूर्ण सिंथेटिक तेल खास छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांसाठी आणले. थंडीत पातळ, उष्णतेत टिकाऊ, म्हणजे जे हवे ते सारे त्यात होते. पण काही वर्षांत इंजिने उघडल्यावर आत करडा, चिकट गाळ सापडू लागला. पिस्टनच्या रिंगा अडकल्या, तेलाचा खप वाढला. विमानमालकांनी दावे लावले, कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला तेल बाजारातून गेले.

तो गाळ शिशाचा होता. छोट्या विमानांचे इंधन, १०० एलएल, याच्या नावात ‘लो लेड’ असले तरी त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० सालीच गेले. विमानात ते इंजिनात ठोके (नॉकिंग) पडू नयेत म्हणून ठेवावे लागते. जळताना इंधनातला ब्रोमीनयुक्त घटक शिशाला पकडून धुराबरोबर बाहेर नेतो. पण थोडे शिसे रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि तेलात मिसळते.

इथे मला नेहमी कढी आठवते. ताक नुसतेच उकळले की फुटते, चोथा वेगळा आणि पाणी वेगळे. बेसन लावले की कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि कढी एकजीव राहते. विमानाच्या तेलातले डिस्पर्संट हे काम करते. ते शिशाचे कण सुटे ठेवते, म्हणजे तेल बदलताना घाणही बाहेर जाते. पण त्याला साथ लागते ती मूळ तेलाची. खनिज तेलातले वलयाकार रेणू घाण सामावून घेतात. ‘एव्ही १’सारख्या सिंथेटिकचा मुख्य घटक एस्टर नव्हे, पॉलीअल्फाओलेफिन; तो अतिशय एकसारखा आणि स्वच्छ, म्हणूनच परक्या कणांना धरून ठेवण्यात तो कमी पडतो. मोटारीत जो गुण, तोच इथे दोष ठरतो.

मग मोटारीचेच तेल विमानात घातले तर? तेही नको. त्यात कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगे असतात. विमानाचे हवेने थंड होणारे इंजिन थोडे तेल जाळतेच. त्या धातूंची राख सिलिंडरमध्ये साचते, तापून निखारा होते आणि ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटवते. त्यातून पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून विमानाचे डिस्पर्संट राखरहित असते. एरोशेलच्या ‘डब्ल्यू १००’ या तेलाच्या नावातला ‘डब्ल्यू’ हीच खूण आहे, हिवाळ्याची नव्हे.

मधला मार्गही आहे. एरोशेल १५डब्ल्यू-५० मध्ये अर्धे सिंथेटिक आणि अर्धे खनिज तेल असते. गारठ्यात इंजिन सुरू करणाऱ्याला त्याचा खरा उपयोग. रोटॅक्स ९१२ सारखे इंजिन शिसेविरहित पेट्रोलवर चालत असेल, तर तिथे सिंथेटिक शोभून दिसते. तेच इंजिन १०० एलएलवर चालवले, तर तेल लवकर बदलावे लागते.

वाचकाच्या मुलाला मात्र तेलाच्या नावापेक्षा तारखेकडे बघायला सांगेन. विमानांची इंजिने बनवणारी लायकमिंग कंपनी फिल्टर असलेल्या इंजिनाचे तेल दर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायला सांगते. चार महिन्यांची अट उभ्या विमानासाठी आहे. तिच्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंज धरतो. पावसाळ्यात हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या विमानाला उंची तेल वाचवत नाही, नियमित उड्डाण वाचवते.

२०२२ मध्ये इंडियन ऑइलने १०० एलएल देशातच बनवायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत जी१००यूएल या शिसेविरहित इंधनाला मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत शिसे हटवण्याचे उद्दिष्ट तिथे ठरले आहे. ते साधले, तर करड्या गाळाचे कारणच उरणार नाही आणि लॉयनाच्या प्रयोगशाळेतून निघालेला रस्ता छोट्या विमानापर्यंतही पोचेल. तोवर त्या सेसनातले खनिज तेल कमी प्रतीचे म्हणू नका. त्या इंधनाबरोबर संसार करू शकेल असे तेच आहे.